गुणामावशीला न दिसलेला पूल

निजामपुऱ्याच्या मागे ओढा होता आणि त्यावर दगडी पूल होता, असं आता सांगितलं तर लोक माझ्या तोंडाकडे बघतात. चौऱ्याहत्तर साली ओढ्यावर फरश्या टाकल्या, पुलाचे कठडे फोडले आणि वर्ष सरायच्या आत तिथे कापड विणणाऱ्या लूमच्या शेडी खडखडायला लागल्या. कुणी हळहळलं नाही. ओढ्याला वास फार यायचा, खोटं कशाला बोला!

माझी गुणामावशी त्याच पुलाच्या टोकाला भाजी विकायची. नवरा लवकर गेला. भेंडी-वांग्यांवर तिने एकुलत्या एका लेकीला, तुळजाला, वाढवलं. मावशी भारी फटकळ. पण तुळजाचं लग्न ओढ्यापलीकडच्या अंजूर गावात ठरलं तसा तिला एकच घोर लागला. आमच्या आळीत रीत होती: पाठवणीला मुलीच्या आईने पुलापर्यंतच जायचं. पाणी ओलांडायचं नाही, तिथूनच माघारी फिरायचं. त्या कठड्याला धरून रडणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. मला ती रीत कधीच आवडली नाही. पूल गेला, तरी रीत तशीच राहिली.

"पोरीला तिथं सोडून माझा पाय मागं फिरंल का गं?" मावशी मला विचारायची.

पंच्याहत्तरच्या वैशाखात लग्न लागलं. जेवणं उरकली, तुळजा बैलगाडीत बसली आणि मावशी गाडीची मागची फळी धरून चालू लागली. शेडींपाशी आल्यावर नवरदेवाचे चुलते काळूराम यांनी गाडी थांबवली.

"विहीणबाई, आता फिरा. पूल आला."

"कुठं हाय पूल?"

काळूराम चारी बाजूंना बघू लागले. "इथंच कुठंतरी व्हता की!" कुणी म्हणालं, पानाच्या टपरीजवळ. ढोलवाला म्हणाला, तो तर मागेच राहिला. गलका ऐकून शेडीतला एक कारागीर बाहेर आला. "पुल? यहाँ कौन सा पुल, चाचा?"

शेवटी सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. जन्मभर पुलाशी बसलेली बाई, तिला नाही तर कुणाला माहीत असणार?

"मला काय ठाव?" मावशी म्हणाली. "पूल दिसत न्हाय, पाणी दिसत न्हाय. दिसंल तवा फिरंन मी."

चेहरा इतका भोळा, की मला पदराआड हसू दाबावं लागलं. गाडीत तुळजाचं रडणं थांबलं. काळूरामांनी डोकं खाजवलं, मावशीकडे एकदा नीट पाहिलं आणि त्यांनाही हसू फुटलं.

"चढा गाडीत, विहीणबाई. उन्हात किती चालाल?"

शेतं मागे पडली, अंजूरची घरं आली, तरी मावशीला पूल काही दिसला नाही. लेकीला सासरच्या दारात माप ओलांडताना आमच्या आळीतल्या कुठल्याच आईने तोवर पाहिलं नव्हतं. मावशीने पाहिलं. अंगणात उभं राहून, डोळे भरून पाहिलं.