समुद्र क्लबातली बायकांची खोली

शिवलीला एका जागी निवांत बसलेली कुणी फारशी पाहिलीच नव्हती. जेवतानाही तिचा एक पाय पाटाबाहेर असायचा. शाहूपुरीत तिच्या वडिलांची, अण्णासोंची, गुळाची अडत होती. घरात दोन भाऊ अडतीवर बसायला होते, म्हणून हिला पुण्याला इंटिरियरचा डिप्लोमा करायला मिळाला. परत येऊन तिनं राजारामपुरीत ऑफिस थाटलं. कपड्यांची दुकानं, दातांचे दवाखाने, एखादा बंगला अशी कामं मिळत गेली. पण काम संपलं की तिला ते बघवत नसे. उद्घाटनाचा पेढा तोंडात असतानाच भिंतीचा रंग चुकल्यासारखा वाटायचा आणि ती चप्पल शोधायला लागायची. लग्नाची दोन स्थळं तिनं परत पाठवली, तिसऱ्यानं तिलाच नको म्हटलं. आई, मल्लव्वा, शेजारणींना सांगायची, "पायाला भिंगरी हाय हिच्या. बांधून ठेवू का काय करू?"

२००२ च्या दिवाळीनंतर समुद्र क्लबाचं काम तिच्याकडं आलं.

कोल्हापूरचा गूळ वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोटीनं जायचा, त्या काळात शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांनी तिथल्या किनाऱ्यावर ही बैठी कौलारू इमारत बांधली होती. पुढं गूळ ट्रकनं जाऊ लागला, पण क्लब राहिला. दर मे महिन्यात अडतवाल्यांची कुटुंबं आठवडाभर तिथं उतरायची. अलीकडं मात्र तरुण सभासद आंबोलीचा घाट उतरले की गाडी सरळ गोव्याकडं वळवत. अध्यक्ष गणपतरावांनी कमिटीत सांगितलं, "भायेरनं आज्याचा क्लब दिसला पायजे आणि आत पाऊल टाकलं की नवं हाटेल वाटलं पायजे. आण्णासो, तुमची पोरगी करंल का?"

शिवलीलाला ती इमारत पाठ होती. मधे हॉल आणि त्याच्यापुढं समुद्राकडचा व्हरांडा. उत्तरेच्या कोपऱ्यात पुरुषांची पत्त्यांची खोली, तिला दोन बाजूंनी समुद्र. आणि हॉलच्या पाठीमागं, विहिरीच्या बाजूला, बायकांची खोली. तिला एकच खिडकी, तीही नारळाच्या आळ्यांकडं उघडणारी. लहानपणी शिवलीला भावांबरोबर दिवसभर वाळूत असायची. न्हाण आलं त्या वर्षी अव्वानं, म्हणजे आईनं, तिला हाताला धरून त्या खोलीत आणून बसवलं. तिथून समुद्राचा आवाज यायचा आणि समुद्र दिसायचा नाही. सगळे दिवस ती बायकांकडं पाठ करून, भिंतीला कान लावून बसायची. पुढं तिनं क्लबाला जायचंच सोडून दिलं.

त्यामुळं नकाशा पसरल्यावर तिची पहिली रेघ त्या भिंतीवर पडली.

ठेकेदार गडमुडशिंगीचा बाळासो. त्यानं विचारलं, "पयलं काय काढायचं, म्याडम?"

"ही भिंत."

"आख्खा जांभा हाय की. लई मजबूत हाय."

"म्हणूनच आधी." तिनं गड्याच्या हातातला घण घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. भिंतीला काही झालं नाही. तिचे हात मात्र खांद्यापर्यंत झिणझिणले.

सहा महिने ती घाट चढत-उतरत राहिली. क्लबात असली की कोल्हापूरच्या कामांची काळजी आणि कोल्हापुरात असली की वेंगुर्ल्याला गडी काय घोळ घालत असतील याची. व्हरांड्याचे खांब आणि कौलं तिनं तशीच ठेवली. आत मात्र, पत्त्यांची खोली तेवढी सोडून, आरपार एकच मोठा हॉल झाला. समुद्राच्या बाजूला जमिनीपासून तुळईपर्यंत काच, खाली काळा कडाप्पा, पांढऱ्या भिंती, बुटके सोफे. एका रविवारी जेवताना तिनं अव्वाला सगळं सांगितलं.

मल्लव्वा भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजे आमची खोली?"

"काढली. आता आख्खा हॉल तुमचा, अव्वा. समोर समुद्र. मागं कोंडून बसायचं बंद."

"बरं," मल्लव्वा म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. शिवलीला तेवढ्यात उठून हात धुवायलाही गेली होती.

मे महिन्यात उद्घाटन झालं. पेपरात फोटो आला. मुंबईहून आलेल्या एका सभासदानं काचेला हात लावून बघितला, खरंच आहे ना म्हणून. गणपतराव ज्याला त्याला सांगत होते, "गोव्यात दावा असलं!" अण्णासोंनी त्या दिवशी मुद्दाम फेटा बांधला होता.

बायका सोफ्यांवर ओळीनं बसल्या होत्या. पाठी ताठ, पदर दोन्ही खांद्यांवर, हात मांडीवर. समोर समुद्र होता, पण त्या तिकडं बघत नव्हत्या. काचेपलीकडच्या व्हरांड्यात सासरे, दीर, जावई, गडीमाणसं सारखी ये-जा करत होती. शिवलीलाला वाटलं, नवीन आहे, रुळतील.

दुपारी जेवणं झाल्यावर ती हॉलमधे आली तर एकही बाई नव्हती. सोफ्यांवर पुरुष लवंडले होते. ती शोधत मागं गेली. स्वयंपाकघर आणि विहीर यांच्या मधल्या बोळात, गॅसच्या टाक्यांशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून सगळ्याजणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. अव्वा होती. शेजारच्या अडतीच्या मालकीणबाई, झुंबरमावशीही होत्या.

"इथं काय करताय? आत एवढी जागा सोडून?" शिवलीलाचा आवाज चढला.

झुंबरमावशी म्हणाल्या, "जागा हाय की. पर बसायचं कसं तितं?"

"समुद्र बघत बसा."

"पोरी, समुद्र बघाय कोण येत हुतं? घरात सासू, भायेरच्या सोप्यात सासरा, अडतीवर हमाल. बाई जरा टेकली की कुणीतरी बघतंयच. त्या खोलीला आतनं कडी हुती. वर्सातनं आठ दिस आमी कडी लावून पाय पसरून पडत हुतो. तुजी अव्वा तर घोरायची बग, बाप्यागत."

बायका हसल्या. मल्लव्वा पण हसली.

"आन मी शिगरेट वडलीया तितं," झुंबरमावशी आवाज खाली आणून म्हणाल्या. "एकदाच. हिनंच काडी लावली."

शिवलीलानं आईकडं बघितलं. पहाटे उठून पूजा करणारी, नवऱ्यापुढं, आप्पांपुढं, कधी खुर्चीवर न बसलेली तिची आई विहिरीच्या रहाटाकडं बघत होती.

"मग मी सांगत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं सांगत हुतीस. आणि खोली कशाला पायजे म्हणून सांगू? लोळायला? लोकं हसली असती."

शिवलीला तिथून निघाली ती थेट गाडीत बसली. आंबोली येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या खोलीत तीही बसली होती. भिंतीला कान लावून समुद्र तेवढा ऐकला. पाठीमागं काय चाललंय ते कधी वळून बघितलं नाही.

पावसाळ्यात तिनं कमिटीपुढं नवा नकाशा ठेवला. पत्त्यांची खोली बायकांना द्यायची आणि पुरुषांनी हॉलमधे खेळायचं. सगळ्यांत आधी तिचे वडीलच उठले. "ती खोली आमच्या वडिलांपासनं पत्त्यांची हाय. जुनं जपायचं म्हणून काम दिलं न्हवं तुला?" गणपतरावांनी हसत विषय गुंडाळला. तिनं मग विहिरीकडं एक खोली वाढवायचं सुचवलं, तर इमारतीचं रूप बिघडेल असं उत्तर आलं. आणि ते खरंच होतं. बिघडलं असतं. या एका गोष्टीनं तिला सगळ्यांत जास्त छळलं. त्या वर्षी तिनं हातातली दोन कामं अर्धवट सोडली, ऑफिसातली माणसं बदलली, घरात कुणाशी धड बोलली नाही.

पुढच्या मे महिन्यात बाळासोचा फोन आला. तो काचेच्या फटी बुजवायला क्लबात गेला होता. "म्याडम, हिकडं या. बायकांनी पत्त्याच्या खोलीला आतनं कडी घातलीया. सकाळधरनं उगडंनात."

ती पोचली तेव्हा हॉलमधे पुरुष पत्त्यांचे कॅट हातात घेऊन उभे होते. अण्णासो तिच्यावर वसकले, "आईला सांग तुझ्या!"

"हॉल एवढा हवेशीर आहे, आप्पा. खेळा की इथंच."

"हितं? समद्यांच्या नजरंसमोर बसून—" अण्णासो मधेच थांबले. मग त्यांनी उगाचच चष्मा काढून पुसला.

शिवलीलानं दार वाजवलं.

"कोण हाय?"

"मी."

"सांगायला आलीयास काय आप्पांचं?" अव्वाचा आवाज.

"नाही."

"मग आत ये आणि कडी घाल."

आत सतरंज्या अंथरल्या होत्या. कुणी आडवी, कुणी भिंतीला टेकून पाय लांब केलेली. पत्त्यांचं टेबल कोपऱ्यात ढकललेलं. झुंबरमावशी तीन पत्तीत कुणाला तरी फसवल्याबद्दल शिव्या खात होत्या. आणि इमारतीतल्या सगळ्यांत चांगल्या समुद्राकडच्या दोन्ही खिडक्या बायकांनी घट्ट बंद करून टाकल्या होत्या. शिवलीलाचा हात आपोआप बोल्टाकडं गेला.

"ब्याडा गं, नको उघडू," मल्लव्वा म्हणाली. "ऊन येतंय. बस हितं."

ती बसली. कुणी तिच्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. अव्वाला थोड्या वेळात डोळा लागला आणि ती खरोखरच घोरू लागली. शिवलीला ते ऐकत राहिली. मग तिचा तळपाय हलायला लागला. बायकांना जे मिळालं होतं ते तिला घेता येईना. कुणी उठायच्या आत ती हलकेच कडी काढून बाहेर पडली आणि वाळूवरून लांबवर चालत गेली.

कमिटीनं त्या खोलीबद्दल कधी ठराव केला नाही. पुढच्या वर्षी बायका आल्या तशा तिथं गेल्या आणि पुरुषांनी सोफे गोल लावून घेतले. २००७ पर्यंत खाऱ्या वाऱ्यानं काचा आंधळ्या झाल्या. त्या बदलायला शिवलीलाच गेली. मापं घेतली, कोकम सरबत प्यायली आणि त्याच दिवशी परतली, कारण दुसऱ्या दिवशी इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्याच्या घराचं काम धरायचं होतं.

घर जुनं होतं. नवरा तिला जिथं-तिथं बोट दाखवून सांगत होता, हे पाडा, ते वाढवा. तो मागांच्या शेडकडं गेल्यावर तिनं त्याच्या बायकोला, वर्षाराणीला, विचारलं, "दुपारी तुम्ही कुठं बसता?"

"मी? बसायला कुठं सवड मिळते?"

"तरीपण."

वर्षाराणीनं दारापर्यंत जाऊन नवरा लांब गेल्याचं बघितलं. मग तिनं शिवलीलाला मागच्या जिन्याच्या वळणावर नेलं. तिथं अरुंद पायरीवर एक उशी ठेवलेली होती. शिवलीलानं त्या पायरीवर बसून बघितलं. मागांचा खडखडाट तिथं बराच कमी ऐकू येत होता. वर्षाराणीच्या नवऱ्यानं सांगितल्याप्रमाणे आखलेल्या तिच्या कच्च्या नकाशात तो जिना काढून टाकायचा होता.