हिरव्या गाऊनची पाठ

लेओन मोपर्तँ आमच्या शिवणघरात चित्रं काढायची, पण तिला कुणी चित्रकार म्हणत नसे. तो मान मालकांचा, वोबेर साहेबांचा. ते गाऊन कल्पनेतून काढायचे. लांबलचक मान, पायांना अंत नाही, चार रेघांत बाई उभी. लेओनचं काम सगळ्यात शेवटी. गाऊन शिवून झाला की तो आहे तसा, पुढून आणि मागून, कागदावर उतरवायचा, कडेला कापडाचा तुकडा टाचायचा आणि नोंदणीला पाठवायचा. कुणी नक्कल केली तर कोर्टात तोच पुरावा. एकोणीसशे त्रेपन्न साली ती सत्तेचाळीस वर्षांची होती, आईजवळ राहायची, दुपारी आमच्यात बसून मसुराची कोशिंबीर खायची आणि फारसं बोलायची नाही.

त्या वर्षी साहेबांनी हिरव्या सॅटिनच्या एका संध्याकाळच्या गाऊनचं चित्र काढलं आणि ते आमच्या मुख्य शिवणकारीण बेर्तील कोझिक यांच्या हातात दिलं. चित्र फक्त पुढच्या बाजूचं होतं.

"आणि मागचं काय, साहेब?"

"मागे पाठ असते, बेर्तील."

बेर्तील तीन दिवस पुतळ्याभोवती टाचण्या लावत आणि उपसत होती. चौथ्या दिवशी तिने डाव्या कमरेवरून कापड उजव्या खांद्यामागे नेलं आणि तिथून जमिनीपर्यंत सैल सोडून दिलं. साहेबांनी येऊन एक टाचणी हलवली, मग ती परत होती तिथेच लावली. प्रदर्शनात मॉडेल वळली तेव्हा टाळ्या पडल्या.

शरद ऋतूत शहरातल्याच एका दुकानात हुबेहूब तोच गाऊन विकायला आला. साहेबांनी दावा लावला. साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांनी लेओनला बोलावलं. मी तिथेच मापं लिहीत होते.

"मागची बाजू मी बेर्तीलला तोंडी सांगितली होती, कोर्टात एवढंच बोलायचं," ते म्हणाले.

"सांगितली होती का तुम्ही?"

"हा प्रश्न वकील विचारतील. तुम्ही कशाला विचारताय?"

कोर्टात समोरच्या वकिलाने साहेबांचं चित्र उंच धरलं आणि विचारलं, "यात पाठ कुठे आहे?" लेओन म्हणाली, "ती मादाम कोझिक यांनी केली. मी त्याच खोलीत होते."

खटला तरी आम्हीच जिंकलो. बेर्तील पगार आमच्याकडून घेत होती, म्हणून तिचं काम आमच्या संस्थेचं, असं न्यायाधीशांनी ठरवलं.

बेर्तील मात्र संतापली होती. "माझं नाव कशाला घेतलंस गं? उद्या मला काढून टाकलं म्हणजे?"

"विचारलं, म्हणून सांगितलं."

"तुझं डोकं म्हणजे नुसती लाकडी पट्टी!"

अर्धा तास ती खसाखस कापड कापत राहिली. मग कात्री खाली ठेवून म्हणाली, "वकिलाने नाव तरी नीट घेतलं का?"

"नाही. कोसिक म्हणाला."

"मग?"

"मी दुरुस्त केलं."

बेर्तीलला कुणी काढलं नाही. तिच्यासारखा हात साहेबांना दुसरीकडे मिळाला नसता. लेओनचं तसं नव्हतं. नाताळच्या आधी तिला सांगण्यात आलं, की नोंदणीच्या चित्रांसाठी एक तरुण मुलगी घेतली आहे. तिने पेन्सिली रुमालात गुंडाळल्या, सगळ्यांशी हात मिळवला. साहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. ते तिने वाजवलं नाही.

पुढे लिओं शहरातल्या एका मासिकात ती घरी शिवणाऱ्या बायकांसाठी चित्रं काढू लागली. गळा कसा कापायचा, बाही कुठून जोडायची, असली. पासष्टीपर्यंत तेच केलं. एकदा तिचं चित्र समोर ठेवून मी माझ्या भाचीचा कोट शिवला, आणि बाही पहिल्याच खेपेला बसली. मी तसं पत्राने कळवलं. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. कापड कोणतं वापरलं, एवढंच तिने विचारलं होतं.