मघाची फळी

आमची भातखाचरं गुंजवणे गावाच्या खालच्या अंगाला, आणि त्यांना पाणी सोडायची लाकडी फळी वर ओढ्यावर, हाक पोचणार नाही इतकी लांब. म्हणून खुणेची रीत होती. आबा, म्हणजे माझे वडील, बांधावरून घोंगडी हलवायचे. दर खुणेला वर उभी असलेली वहिनी फळी थोडी उचलायची. घोंगडी खाली टाकली की फळी बंद.

आबांना दम कसला तो नव्हताच. घोंगडी हलवली आणि पाणी दिसलं नाही, की पुन्हा हलवायचे, आणखी तावातावानं. वहिनी बिचारी उचलत राहायची. मग सगळं पाणी एकदम यायचं आणि बांध फोडून जायचं. भात पोटरीला आलेलं असताना असं झालं, तेव्हा आबा गरजले, "हिला खूण कळत न्हाई. पुन्यांदा बांध फुटला तर म्हायेरी धाडतो, कायमची."

चारच दिवसांत फुटला. आबांनी वहिनीला बोचकं बांधायला सांगितलं तेव्हा भाऊ जेवत होता, तो जेवत राहिला.

मी पुण्याच्या कॉलेजात गणित शिकत होतो. अंगणात काठीनं मांडून दाखवलं. "आबा, खाचरात चढतं ते येनारं पानी वजा जिरनारं. पर येनारं पानी आत्ताच्या फळीचं नसतं, मघाच्या फळीचं असतं. तुमी दुसरी खूण करता तवा पहिलीचं पानी वाटंतच असतं. एकदा हलवा, पानी पोचूस्तवर थांबा, मग पुढचं."

आबा भलतेच हुशार, हेच वाईट. लगेच उमजले.

"मंजी चूक तिची न्हाई, माजी."

"व्हय."

"बरं मांडलंस." त्यांनी पायानं अंगण पुसलं. "पर माजी चूक हाय म्हनून गावात सांगत फिरू व्हय? उद्या तिला घालवून ये."

मला आबांची किळस आली, भावाची त्याहून जास्त. तिच्या माहेरी, नसरापूरला जायच्या वाटेवर वहिनीनं विचारलं, "भावजी, म्या खूण चुकले का वो?"

"न्हाई."

"मग?"

पुढच्या साली फळीवर भाऊ उभा राहिला. आबा घोंगडी एकदा हलवायचे आणि पाणी येईपर्यंत निवांत तंबाखू मळत बसायचे. बांध एकदाही फुटला नाही. गावाला त्याचं कारण ताबडतोब सापडलं. पांढऱ्या पायाची होती, गेली ते बरं झालं, असं म्हणत माणसं भावासाठी दुसरं स्थळ घेऊन आली. आबा सुपारी कातरत मान डोलवत होते.