पांढऱ्या भिंतीखालचे हात

हिलालआप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानासमोर उभी राहून टेम्पोतून प्रायमरचे डबे उतरवून घेत होते. फोनवर लोणखेड्याहून त्यांची सून होती. "भाभी, आप्पा गयात," एवढंच म्हणाली. सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता खाली बसले ते उठलेच नाहीत. राहिलेले डबे आत रचून ठेवायला सांगून मी स्कूटी काढली. शहाद्याहून लोणखेडा म्हणजे पाच-सात मिनिटांचा रस्ता. तेवढ्या वेळात मला रडू वगैरे काही आलं नाही. डोक्यात एकच फिरत होतं, की भिंत अर्धीच राहिली... आता ती कोण करणार? घरी पोचले तर ओट्यावर त्यांची पिशवी भरून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि त्यांना तळोद्याची पहिली गाडी धरायची होती.

त्याला दोन महिने होत आले. या पुरवणीसाठी आप्पांवर लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी रंग विकते, लिहीत नाही. पण शोकसभेत आणि व्हॉट्सॲपवर त्यांच्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यात ती भिंत कुठेच नव्हती. तिथली चूक माझी होती, म्हणून लोकांनी सभ्यपणे तो विषय टाळला. मला ते टाळणं पचत नाही, झोपूही देत नाही. म्हणून लिहिते.

आमचं रंगाचं दुकान माझ्या आजेसासऱ्यांनी राजस्थानातून इकडे आल्यावर टाकलं. आप्पा आमचं जुनं गिऱ्हाईक. शहादा, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. बियाण्याच्या दुकानावरचं ज्वारीचं कणीस, दातांच्या डॉक्टरकडचा तो हसणारा जबडा, सगळं त्यांचंच. मग फ्लेक्स आला आणि बघता बघता पाट्यांचं काम बंद पडलं. दुसरा कुणी असता तर खचला असता, नाहीतर कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन घेतलं असतं. आप्पा दुकानात आले आणि काउंटरवर कोपर टेकून विचारलं, "शेठानी, शेड चुकेल, परत येल डबा कितला शेतस तुन्हाकडे?" सगळा बाजार मला भाभी म्हणतो. शेठानी म्हणणारे आप्पा एकटेच, आणि ते मान देण्यासाठी म्हणत नसत. मी म्हटलं, चुकलेल्या शेडचे, गिऱ्हाइकांनी परत केलेले वीसेक असतील. "दे माले. गावले रंग देऊत आपन."

तिथून ते सगळं सुरू झालं. दवाखान्याची भिंत, एसटी स्टँडच्या मागची भिंत, पाण्याची टाकी. भिंत ठरली की आप्पा खडूने बाहेरची रेघ मारून द्यायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या हातात ब्रश द्यायचे. दर दिवाळीआधी एका शाळेच्या पटांगणात मोठा कार्यक्रम व्हायचा. लोक घरातलं जुनं सामान आणायचे, सूप, माठ, पत्र्याची पेटी, एकाने तर स्कूटरचं मडगार्ड आणलं होतं. दिवसभर बसून ते रंगवायचं आणि संध्याकाळी बोली लावून विकायचं. जो पैसा येईल तो कुठल्या तरी दवाखान्याला, वसतिगृहाला. माझ्या जेठांनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, एकदा स्वतःच्याच बायकोने रंगवलेलं सूप चढ्या बोलीने विकत घेतलं, का तर समोरच्या कापडवाल्याला ते मिळू नये. मंडप, पाणी, ब्रश, बोली हे सगळं माझ्याकडे असायचं. आप्पांना व्यवस्था जमत नसे, वेळही पाळता येत नसे, माणसं मात्र जमत. कुणी बाई लाजून कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, माले चित्र काढता येत नही," की त्यांचं उत्तर ठरलेलं. "हात शे ना? मंग ये." मी त्यांना पुष्कळदा बोलले आहे, की आप्पा, शंभर जणांनी रंगवलेली भिंत शंभर जणांनी रंगवल्यासारखीच दिसते. ते म्हणायचे, "दिसू दे."

तळोद्याहून जीपने वर डोंगरात गेलं की एक लहानशी शाळा लागते. दिवाळी झाली की त्या गावातली बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मुलंही आईबापांबरोबर जातात. गुरुजी अडवून अडवून थकले. आप्पांनी तिथे एक पद्धत पाडली. जाण्याआधी प्रत्येक मुलाने वर्गातल्या भिंतीवर आपला पंजा उमटवायचा. उरलेल्या लाल ऑइलपेंटमध्ये हात बुडवायचा, भिंतीला लावायचा, मग गोडेतेलाने पुसून साबणाने धुवायचा. होळीच्या सुमारास घरं परत आली की मुलाने वर्गात येऊन आपल्या पंज्यावर हात ठेवायचा आणि किती वाढला ते बघायचं. आप्पांनी मला हे काउंटरवर उभं राहून सांगितलं होतं. "एसटीमा आपन रुमाल टाकतस ना सीटवर, तसं. जागा धरी ठेवेल शे पोरेस्नी." नावं लिहिली का, असं मी विचारलं. "नाव कसाले? ज्याना हात त्याले कळस." मी हो हो म्हटलं, पण माझं लक्ष गिऱ्हाइकाच्या शेडकार्डात होतं. पंजे कागदावर काढले असतील असंच माझ्या डोक्यात बसलं. वर डोंगरात मी तोवर एकदाही गेले नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीआधीचा कार्यक्रम त्याच शाळेसाठी झाला. छपराचे पत्रे बदलायचे आणि शाळा रंगवायची असं ठरलं. पत्रे बसले. थंडीत रंगाचं काम काढलं तेव्हा आप्पा अक्कलकुव्याला दुसऱ्या एका भिंतीवर अडकले होते. मी म्हटलं, तुम्ही कशाला येता, मी पेंटर पाठवते. देणगीदारांना शाळा दाखवायची तारीख जवळ आली होती आणि आप्पांच्या हातात काम दिलं तर ते महिना लावतील हे मला माहीत होतं. दुपारी पेंटरचा फोन आला, "भाभी, वर्गातल्या एका भिंतीवर पोरांचे लाल पंजे आहेत. भरपूर आहेत. काय करू?" मी एका क्षणाचाही विचार केला नाही. सांगितलं, "तिथे प्रायमरचा एक कोट जास्त मार, नाहीतर लाल वर येईल." ही सूचना किती अचूक होती याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं.

आप्पांनी ती भिंत आठवड्याने पाहिली. पाहिल्यावर ते दुकानात आले. ते हिशोब मागणार म्हणून मी तयार होते, पण ते स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भारी रंग शे."

मी म्हटलं, "आपल्याकडचा सगळ्यात चांगला दिला, आप्पा. धुता येणारा. दहा वर्षं बघायला नको."

"पुसाई जाई का?"

"रंग? तो कसा पुसला जाईल? वॉशेबल आहे. डाग पुसले जातात, रंग नाही."

त्यांनी रिकामा पेला काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "चांगला माल दिधा तू, शेठानी. हलका दिधा व्हता ते पुसाई जाता." आणि मग त्यांनी त्या भिंतीवर काय होतं ते पुन्हा सांगितलं. या वेळी मी ऐकलं... साधा डिस्टेंपर मारला असता तर ओल्या फडक्याने एका दिवसात पंजे परत वर आले असते. आयुष्यात कधी नव्हे तो मी फुकट द्यायला उत्तम माल काढला होता. मी म्हटलं, मुलं परत आली की नव्याने पंजे उमटवतील, त्यात काय एवढं. ते म्हणाले, "हां, तेबी शे." मला वाटलं, मिटलं.

होळीच्या आधी घरं परत आली. आप्पांचा वरून फोन आला, मागे पोरांचा गलका. "शेठानी, एक बाई येल शे. पोरना हात देखाले." बाईचं नाव रायलीबाई. तिची सुनीता तिसरीत होती. तिकडे उसाच्या फडात ताप आला आणि तीन दिवसांत गेली. तिकडेच तिचं सगळं झालं. आधार कार्डावर एक फोटो होता, पण त्यात ती आईलाही ओळखू येत नव्हती. गावात आल्याबरोबर घरीसुद्धा न जाता ती बाई शाळेत आली, कारण पोरीने फडात तिला सांगून ठेवलं होतं, की माझा हात भिंतीवर आहे. बाई वर्गात शिरली आणि पांढरी भिंत बघून चुकीच्या खोलीत आले असं समजून बाहेर गेली. दुसऱ्या खोलीत बघितलं. परत आली... मी विचारलं, "मी काय करू?" ते म्हणाले, "पानीपेपर धाडी दे. बारीक."

ऑइलपेंटवर पाण्याचा रंग नीट धरत नाही. हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. म्हणजे जिथे पंजा असेल तिथे वरचा थर जरा कच्चा असणार. ओलं फडकं लावून ठेवायचं, बारीक पानीपेपरने, म्हणजे पाण्यात भिजवायच्या पॉलिशपेपरने, हळूहळू घासायचं, लाल दिसायला लागलं की थांबायचं. जरा जोर झाला की खालचं लालही जातं. आप्पा होळीपासून श्रावणापर्यंत दर रविवारी वर गेले. ओळख एकच होती. पोरीची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती आणि तिने मुद्दाम डावा हात उमटवला होता. मी सामान पाठवत राहिले, गेले मात्र नाही. रविवारी दुकान अर्धा दिवस असतं, हे कारण मी तयार ठेवलं होतं.

सोमवारी ते आले की मी विचारायचे, किती झालं? एका रविवारी दोन पंजे, कधी तीन. मला ते असह्य व्हायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "आप्पा, करंगळी दिसली, ती सरळ आहे हे कळलं, की तो पंजा सोडायचा आणि पुढे जायचं. पुरा हात कशाला काढत बसता? अशाने दिवाळी येईल!" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना कुणाचं अर्धं जेवलेलं ताट उचलायला सांगत होते. "अर्धा हात सोडीसन कसा जाऊ व?" म्हणाले. मग बिल न विचारता पानीपेपरचं बंडल उचलून निघून गेले. त्यांच्या छातीचा त्रास मला माहीत होता. ते गेल्यावर मी डॉक्टरांना सरळ विचारलं, त्या घासण्यामुळे झालं का? ते म्हणाले, नाही, आधीपासूनच होतं. डॉक्टर असंच सांगणार. मी ते ऐकून घेतलं, पण चैन पडलं नाही.

दहावं झाल्यानंतरच्या रविवारी मी दुकान बंद ठेवून वर गेले. भिंत पाहिली. खिडकीकडून सुरू करून सत्तेचाळीस पंजे वर आले होते, एकेक बोट पूर्ण, नखाजवळची जागासुद्धा. एकही करंगळी वाकडी नव्हती. रायलीबाई दारात उभी होती. तिला कुणी सांगितलं होतं, की ही ती रंगाची बाई. मला जे बोलायचं होतं ते मी एसटीत बसून तयार केलं होतं, पण तिने फक्त विचारलं, "आप्पा नाही आला?" गुरुजींनी तिला सांगितलं नव्हतं. म्हणजे ते मलाच सांगावं लागलं. ती खाली बसली, थोडा वेळ तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. मग उठून बादलीत पाणी आणलं.

मी माझ्या पद्धतीने काम काढलं. उरलेल्या भिंतीवर खडूने चौकोन आखले, तिसरीच्या मुलीचा हात किती उंचीवर जाईल ते एका पोरीला उभं करून पाहिलं, आणि तेवढाच पट्टा घेतला. लाल दिसलं की फक्त कडेचं बोट उघडायचं, सरळ असेल तर पुढे. एका दिवसात आठ जागा झाल्या. रायलीबाई फडकं ओलं करून द्यायची आणि मध्येच माझं मनगट धरायची. "जोर नको, बाई. पोर आहे." तिसऱ्या रविवारी, फळ्याच्या खिळ्याच्या जरा खाली, एक बोट आकड्यासारखं आत वळलेलं निघालं. मी हात काढून घेतला. पानीपेपर तिने घेतला आणि उरलेली चार बोटं, तळवा, सगळं तिनेच उघडलं. दुपार गेली त्यात. मी नुसती बसून होते. मला नुसतं बसता येत नाही, पण बसले. झाल्यावर तिने आपला हात त्याच्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. रडली नाही. निदान माझ्यासमोर नाही.

मी सामान आवरायला घेतलं. शेवटची जीप चारला सुटते. बादली उपडी केली, फडकी पिळली. वळून पाहते तर ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी. पट्ट्यात मी सोडून दिलेली बोटं होती, एकेकटी, पांढऱ्यातून बाहेर आलेली. वीस-बावीस तरी असतील.

"हे कोणाचे?" तिने विचारलं.

"असतील कुणाची तरी पोरं. आपलं काम झालं ना."

"त्यांची आई पण येईल ना बघायला," ती म्हणाली, आणि उपडी केलेली बादली उचलून हापशाकडे निघाली.

त्या दिवशी जीप चुकली. गुरुजींच्या मोटारसायकलवर बसून तळोद्याला उतरले. आता रविवारी दुकान बंद असतं, तशी पाटी लावली आहे. एका रविवारी माझे दोन पंजे होतात, कधी तीन.