ओढ्यावरचा रस्ता फोडला ती दुपार

नव्वद सालानंतर बारामतीच्या कडेला प्लॉटिंगला ऊत आला होता. लग्न होऊन मी आले ती तिथल्याच एका नव्याकोऱ्या घरात. मागं ओढा, पलीकडं पूर्वी मेंढरं राखणाऱ्या लोकांची वस्ती. नळाला धड पाणी नसायचं, म्हणून सासूबाई आणि मी धुणं घेऊन ओढ्यावर जायचो. तिथंच वस्तीतली एक वैनी माझी मैत्रीण झाली.

मग प्लॉट विकणाऱ्यानं ओढ्यात मुरूम ओतून वरून रस्ता काढला. पाण्यासाठी खाली दोन सिमेंटचे पाइप टाकले. दारापर्यंत रिक्षा यायला लागली म्हणून आम्ही सगळे खूश!

गणपती होऊन गेले होते. एका दुपारी ओढ्याच्या वरच्या अंगाला, पिंपळीकडं आभाळ काळंकुट्ट झालं. आमच्याकडं थेंब नव्हता, पण तासाभरात ओढा गढूळ होऊन फुगला. बाभळीच्या फांद्या, उसाचं पाचट वाहत आलं आणि पाइपांची तोंडं बंद झाली. तुंबलेलं पाणी वस्तीत शिरलं. आरडाओरडा ऐकून मी धावले, तर वैनी तान्ही लेक कडेवर घेऊन पत्र्यावर चढलेली!

वस्तीतली माणसं पहारी, कुदळी घेऊन रस्त्यावर आली. आमच्या कॉलनीतले पुरुष आडवे आले. सगळ्यात पुढं माझे सासरे.

"रस्त्याला हात लावायचा नाही! परत कोण करून देणार?"

"तात्या, मान्सं अडाकल्यात तितं," वस्तीतले एक म्हातारे आबा कळवळून म्हणाले.

सासूबाई चारचौघांत सासऱ्यांपुढं कधी बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या परसातली कुदळ घेऊन आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरा बाजूला. रस्ता काय, पुन्हा हुईल."

 सासऱ्यांनी वस्तीतल्या एकाच्या हातातली पहार ओढून घेतली आणि स्वतःच रस्त्यावर घाव घातला.

काय खणलं आम्ही त्या दिवशी! मीही पाट्या भरून मुरूम फेकत होते, बांगड्या फुटल्या तरी भान नव्हतं. एकदम आबा ओरडले, "पळा! सुटलं!" आम्ही दोन्ही कडांना पळालो. रस्ता मधोमध खचला, एक पाइप पिंपासारखा गडगडत गेला आणि पाणी गर्जत निघालं. वस्तीतलं पाणी डोळ्यांदेखत उतरायला लागलं. कॉलनी, वस्ती, सगळे एका सुरात ओरडत होतो. वैनी पत्र्यावरून खाली उतरली आणि चिखलातच मला मिठी मारली.

पुढं दोन्हीकडची माणसं मिळून नगरपालिकेत खेटे घालत राहिली. अखेर खालून पाणी मोकळं जाईल असा ऐसपैस तीन गाळ्यांचा पूल झाला. नारळ फोडायला पुढारी येईपर्यंत कुणाला दम निघाला नाही. सासऱ्यांनी आबांनाच पुढं केलं. नंतर कॉलनीत घरं वाढली आणि सांडपाणी ओढ्यातच यायला लागलं. त्यासाठी पुन्हा भांडावं लागलं, पण तेव्हा सासरे वस्तीच्या बाजूनं होते.