किट आल्याशिवाय वेरूळ नाही

चितेगावच्या ऋतुराजला आयुष्यात कशाचीच घाई नव्हती. दहावीला त्याने दोन वर्षं घेतली, बायको पसंत करायला चार आणि कंपनीत सुपरवायझर व्हायला अकरा. पण पिकअपचं नवं मॉडेल येणार असं कळलं आणि गडी असा काही पेटला की शोरूमचं शटर वर जायच्या आधीच हा दारात उभा. गाडी आली. चेहरा नवा, दिवे नवे, पुढची चाकं धरून ठेवणारी खालची सगळी यंत्रणाही नवी. गल्लीने तोंडात बोटं घातली. ऋतुराजने मात्र गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नापास पोराकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

"बुटकी हाय," तो म्हणाला.

त्याची बायको राजनंदिनी बॉनेटपाशी उभी होती. बॉनेट तिच्या छातीला लागत होतं. ती चहा टाकायला आत गेली. शहाणी बाई.

बुटक्या गाडीवर औषध म्हणजे लिफ्ट किट. जाड स्प्रिंगा आणि लोखंडी ठोकळे घालून गाडी तीन इंच वर उचलायची. घर ते कंपनी हा दीड किलोमीटरचा गुळगुळीत डांबरी रस्ता पार करायला ते किती गरजेचं आहे, हे ऋतुराज कुणालाही अर्धा तास समजावून सांगू शकत असे, आणि सांगतही असे.

अडचण होती आईची. द्वारकाबाईंच्या घरात रीत होती की नवं वाहन आधी वेरूळला घृष्णेश्वराच्या दारात न्यायचं, मग त्याने घरातलं काम करायचं. तोवर ना ओझं, ना सवारी. बाईंनी जन्मभर वेरूळ केलं ते एसटीत, बहुतेक वेळा उभ्याने. आता गुडघे झिजले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे दिवसेंदिवस वाढतच जाणार.

"पाय हायेत तवर आपल्या गाडीत बसून देवाला जायचंय मला," त्या म्हणाल्या. "येत्या सोमवारीच जाऊ."

"आये, किट बसू दे. पूजेचे फोटो काय परत परत निघत्यात व्हय? उंच गाडीचीच पूजा करू."

फोनवरच्या पिकअपवाल्यांच्या गटात बत्तीस जण होते. त्या बत्तिसांना बुटकी गाडी हार घालून दाखवायची, यापेक्षा त्याने जीव दिला असता. देवाचं काय, तो थांबतो.

शहरात, छावणी भागात आकाशचं गॅरेज होतं. ऋतुराज दर शनिवारी मोपेडवरून तिथे हजेरी लावी.

"भाई, पुराने मॉडल का किट इसको बैठता नहीं," आकाश सांगे, "और नये का अभी किसी ने बनायाच नहीं."

"मंग कवा बनंल?"

"बनेगा ना. सबर रखो."

ऋतुराजने सबुरी धरली. गाडीवर कव्हर चढलं. रविवारी तो कव्हर काढी, गाडी पुसी, दुरून बघून उसासा टाकी आणि कव्हर परत घाली. शेजारचा रिक्षावाला कडुबा विचारी, "नवरदेव अजून मांडवातच का?" त्यावर ऋतुराज त्याला पुढच्या यंत्रणेतले बदल समजावून सांगायला घेई आणि कडुबाला अचानक सवारी आठवे.

श्रावण आला आणि सगळे सोमवार घेऊन गेला. द्वारकाबाई आधी फाटकापर्यंत चालत, मग काठी आली, मग भिंत धरणं आलं. ऋतुराज वाईट मुलगा नव्हता. आईला भिंत धरताना त्याने पाहिलं. त्याने लगेच दोन गोष्टी केल्या : मलमाची डबी आणली आणि आकाशला फोन लावला.

गाडी घेतल्यापासून नवव्या महिन्यात किट आलं. गाडी तीन इंच उचलली गेली, वर मोठी चाकं चढली म्हणून आणखी दोन. सोमवारी सकाळी द्वारकाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पूजेचं ताट मांडीवर घेऊन ओट्यावर तयार होत्या.

गाडीचं दार उघडलं. त्यांचा पाय तिथवर गेलाच नाही. स्टूल आणलं. स्टुलावर चढायलाच गुडघा वाकेना. राजनंदिनीने खालून आधार दिला, ऋतुराजने वरून दंड धरून ओढलं, तशा बाई अशा कळवळल्या की त्याचे हात आपोआप सुटले. त्या स्टुलावरच बसल्या आणि घाम पुसू लागल्या.

"पायरी बसवून घेतो, आये," ऋतुराज घाईने म्हणाला. "पण आकाश म्हनतो, नव्या मॉडेलची पायरी अजून आली नाय. येईल महिन्या-दोन महिन्यांत..."

द्वारकाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, आणि तेच त्याला सोसवेना.

"कडुबाला हाक मार," त्या सुनेला म्हणाल्या.

कडुबाची रिक्षा बुटकी. बाई काठी टेकून एका दमात आत बसल्या, शेजारी राजनंदिनी बसली. पूजा गाडीची होती, म्हणून गाडीही निघाली, रिक्षाच्या मागून, रिक्षाच्याच चालीने. शेजारची सीट प्लॅस्टिकसकट रिकामी होती. इतक्या उंचावरून ऋतुराजला सगळं दिसत होतं : पुढचे ट्रक, वळणं, दूरचे डोंगर. रिक्षाचं टप तर अगदी नाकासमोर होतं. त्याखाली बसलेली आई तेवढी वेरूळपर्यंत त्याला दिसली नाही.