मेणाखालचा खांदा

लाकूड पोखरत जाणाऱ्या किड्याच्या मागे कधीकधी अक्षरासारखी आकृती उमटते. किड्याला अक्षरओळख नसते, पण पाहणारा थबकतो. आपल्या पूर्वसूरींनी याला घुणाक्षरन्याय असे नाव दिले आहे. चिंधीच्या बाबतीत त्या किड्याचे काम तिच्या सख्ख्या आईने केले. तेही पूर्ण शुद्धीवर राहून, अपार मायेने आणि तापलेल्या इस्त्रीने.

चिंधी हे काही तिचे खरे नाव नव्हे. वडील कपडे शिवत. गिऱ्हाइके त्यांना मास्तर म्हणत. मास्तर टेबलावर कापड बेतत असताना ही पोर टेबलाखाली बसून गळालेल्या चिंध्या वेचायची आणि पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायची. लाल मखमलीचा कोंबड्याचा तुरा, शर्टाच्या बटणाचा डोळा. "ही चिंधी एक दिवस माझे पायही जमिनीला चिकटवून ठेवील," असे मास्तर म्हणत आणि पाय जपून टाकत. तेव्हा चिकटलेले नाव तिचे केस पांढरे होऊ लागले तरी सुटले नाही.

मास्तर गेले, शिलाईयंत्रे विकली गेली, आणि त्याच दुकानाच्या खोलीत चिंधी चित्रे करू लागली. कापड, कागद, दोरा, गंजलेले हूक, मेण, जे हाती येईल ते एकमेकांच्या शेजारी नांदवायचे. जाणकार याला मिश्र माध्यम म्हणत. आई म्हणे, "तुझं चिकटवाचिकटवीचं." योगायोगाचे चिंधीला वावडे नव्हते. एकदा चहा सांडला, त्या डागाचा तपकिरी रंग तिने पुढे कित्येक चित्रांत मुद्दाम सांडला.

मात्र 'धुके' या चित्रात योगायोगाला तिने उंबरठ्याबाहेरच ठेवले होते. फळीवर वडिलांचे बेतणीचे, कपड्यांची मापे आखलेले जुने कागद चिकटवले होते, तेही केवळ जाडी यावी म्हणून. त्यांवर मलमल, मलमलीवर मेणाचे थरावर थर, इतके की खालचे काही म्हणता काही दिसू नये. पांढुरक्या मेणातून रेशमी दोरे लोंबत होते. खाली काय आहे, असे कोणी विचारले तर ती म्हणे, "जुने कागद." कोणाचे, हे ती सांगत नसे. कलेच्या मंडळींत वडिलांच्या धंद्याचा विषय निघाला की तिला हटकून पाणी प्यावेसे वाटे.

तिच्या पहिल्यावहिल्या स्वतंत्र प्रदर्शनासाठी कलादालनाच्या व्यवस्थापकांनी हेच चित्र दर्शनी भिंतीसाठी निवडले होते. निमंत्रणपत्रिकेवर ते छापूनही झाले होते. दुपारी ते स्वतः गाडी घेऊन न्यायला येणार होते. चिंधी सुतळी आणायला बाहेर पडली, आणि परतली तेव्हा दारातच तिला तो वास आला. तापलेल्या मेणाचा.

आई टेबलाशी उभी होती. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात तेलकट झालेले वर्तमानपत्र. जमिनीवर रेशमी दोऱ्यांचा पुंजका पडला होता.

चिंधीच्या हातातली सुतळी गळून पडली.

"आलीस? बस. होतच आलंय," आई म्हणाली.

"आई... हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? एवढं मेण सांडून ठेवलंस कपड्यावर! गिऱ्हाईक येणार म्हणालीस ना? वर कागद ठेवून गरम इस्त्री फिरवली की मेणाचा डाग निघतो. जन्मभर तेच केलं मी."

"तो डाग नव्हता गं! ते चित्र होतं!"

"आणि लोंबणारे दोरे?"

"तेही चित्रच!"

"असे दोरे लोंबत ठेवून कपडा दिला असता, तर तुझ्या बाबांनी मला दुकानात उभं केलं नसतं," आई ठणकावून म्हणाली. मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने इस्त्री हळूच उभी ठेवली. "चिंधे, रागावू नकोस. पांढरीफटक पडलीयेस. पाणी देऊ?"

चिंधीने नकारार्थी मान हलवली. रागवायलाही अंगात त्राण लागते. मेण पुन्हा वितळवून वर ओतावे, एवढा वेळ अजून होता. ती पातेले उचलायला वळली, आणि वळता वळता तिचे लक्ष फळीवर गेले.

धुके निवळले होते. वरचे मेण कागदाने शोषून घेतले होते. जे उरले ते मलमलीत जिरले होते आणि मलमल काचेसारखी पारदर्शक झाली होती. तिच्याखाली मास्तरांच्या निळ्या पेन्सिलीच्या रेषा उभ्या होत्या: गळा, बाही जोडतात तो मुंडा, बाहीची कमान. इतक्या स्वच्छ, की जणू टेबलाशी उभे राहून आत्ताच कोणी ओढल्या आहेत. कागद चिकटवताना तिने या रेषांकडे नीट पाहिलेही नव्हते, आणि लहानपणी टेबलाखालून त्या कधी दिसल्याच नव्हत्या. तिच्या वाट्याला फक्त खाली गळणाऱ्या चिंध्या आल्या होत्या.

"अगंबाई! हा पोस्टमनचा कोट," आई पुटपुटली.

"कशावरून?"

"डावा खांदा बघ की. थैली वाहून वाहून उतरला होता बिचाऱ्याचा. लेकीच्या लग्नात ताठ दिसायचं होतं त्याला. तुझ्या बाबांनी त्या खांद्यात अस्तराखाली भर घातली. बोहल्यापाशी असा उभा राहिला, की व्याहीसुद्धा दबकले!"

चिंधी त्या उतरत्या रेषेकडे पाहत राहिली. त्या एका खांद्याइतका नेमका उतार तिच्या कोणत्याच चित्रात नव्हता. आणि तो तिने स्वतःच्या हातांनी, थर देऊन देऊन पुरला होता.

व्यवस्थापक आले. ते बोलके गृहस्थ बोलत बोलतच आत शिरले आणि फळीसमोर येऊन थांबले. खिशातली निमंत्रणपत्रिका काढून त्यांनी एकदा पत्रिकेकडे पाहिले, एकदा फळीकडे.

"बाई, हे ते चित्र नव्हे."

"नाही."

"पण पत्रिकेवर तर... लोक धुकं बघायला येणार! पुन्हा मेण लावता येईल का? मी थांबतो. संध्याकाळपर्यंत थांबतो."

पातेले हाताशी होते. चिंधीने ते उचलले आणि बाजूला ठेवून दिले.

"येईल. पण लावणार नाही."

"मग दर्शनी भिंतीवर मला दुसरं काहीतरी लावावं लागेल," ते कष्टाने म्हणाले.

"लावा. हे आतल्या खोलीत लावा. पण लावायचं तर असंच."

व्यवस्थापक वाकले, चष्मा कपाळावर सरकवून रेषांच्या अगदी जवळ गेले. "विलक्षण हात आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "कोणी काढल्या या?"

चिंधीला पाणी प्यावेसे वाटले, पण ती जागची हलली नाही.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "ते कपडे शिवायचे. याच टेबलावर."

आपल्याच आवाजाने ती दचकली. जगबुडी झाली नाही. व्यवस्थापकांनी फक्त मान डोलावली, फळीची एक बाजू धरली आणि दुसरी धरायला तिला खुणावले. दारातून चित्र तिरपे करून बाहेर काढताना ते म्हणाले, "भिंतीचा विचार मला गाडीत करू द्या."

मागून आईचा आवाज आला, "अहो, जपून! उतरता खांदा वर धरा."

दोघांनीही मुकाट्याने फळी फिरवली.